सर क्रीकचा वाद आणि कराचीच्या तुरुंगातले खलाशी : एक प्रकरण अभ्यास

1 जुलै 2025 ला दिल्ली आणि इस्लामाबादने एकमेकांना कैद्यांच्या याद्या दिल्या. 7 ते 10 मेची लढाई थांबून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. अटारीचे फाटक बंद होते, सिंधू पाणी करार स्थगित होता, व्हिसा रद्द झाले होते, दोन्हीकडची हवाई हद्द एकमेकांच्या विमानांना बंद होती. तरी याद्या ठरल्या दिवशी पोचल्या. पाकिस्तानच्या यादीत 193 मच्छीमार आणि 53 नागरी कैदी होते, सगळे भारतीय किंवा भारतीय असल्याचे मानले जाणारे. भारताच्या यादीत 81 मच्छीमार आणि 382 नागरी कैदी होते. त्याच दिवशी भारताने शिक्षा पूर्ण झालेल्या 159 मच्छीमारांची आणि नागरी कैद्यांची लवकर सुटका करण्याची मागणी केली.

या प्रकरणातले आशेचे आणि चिडीचे असे दोन्ही धागे या एका दिवसात दिसतात. तारीख ठरलेली असेल आणि नेत्यांच्या इच्छेवर काही अवलंबून नसेल, तर तोफा धडाडल्यानंतरही काम होते. सुटकेचे काम मात्र कुणाच्या तरी इच्छेवर सोडलेले आहे, म्हणून शिक्षा संपलेला माणूसही आत बसून राहतो. भारत-पाकिस्तान शांततेची चर्चा निघाली की सर क्रीक या सीमेवरच्या खाडीच्या हद्दीचा वाद 'सगळ्यात सोपा' प्रश्न म्हणून पुढे केला जातो. तो सुटला की मच्छीमारांचे हाल थांबतील, असेही गृहीत धरले जाते. ते गृहीतक चुकीचे आहे. सीमा आणि सुटका हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा पहिल्याच्या मागे बांधून ठेवल्यामुळे दोन्ही अडले आहेत.

मुंबई सरकारचा 1914 चा ठराव

सर क्रीक ही कच्छ आणि सिंध यांच्यामधली 96 किलोमीटरची भरती-ओहोटीची खाडी. जुने नाव बाणगंगा. दलदल, खारफुटी, चिखल, आणि जवळपास मानवी वस्ती नाही. वाद सुरू झाला 1908 च्या सुमारास, तोही सरपणावरून. या पट्ट्यातल्या लाकडांवर कुणाचा हक्क, यावर कच्छचे संस्थानिक, म्हणजे राव, आणि सिंधचे अधिकारी भांडू लागले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे निवाडा मुंबई सरकारकडे आला. 1914 च्या फेब्रुवारीत मुंबई सरकारने ठराव केला. आज दोन अण्वस्त्रधारी देश ज्यावर भांडतात तो कागद हाच.

ठरावातले दोन परिच्छेद एकमेकांना छेद देतात. नवव्या परिच्छेदात आणि सोबतच्या बी-44 या नकाशात हद्द हिरव्या रेषेने, खाडीच्या पूर्व काठाने दाखवली आहे. दहाव्या परिच्छेदात म्हटले आहे की खाडीत नौका चालतात, प्रवाह जागा बदलतो, म्हणून हद्द प्रवाहाच्या मध्यावरून धरावी. पाकिस्तान नववा परिच्छेद आणि हिरवी रेषा धरून बसतो, म्हणजे संपूर्ण खाडी सिंधची. भारत दहावा परिच्छेद, 1924-25 मध्ये रोवलेले सीमाखांब आणि त्यानंतरचा नकाशा पुढे करतो, म्हणजे निम्मी खाडी कच्छची. मध्यप्रवाहाचा नियम नौकानयनाच्या पाण्याला लागतो आणि ही खाडी तशी नाही, असे पाकिस्तानचे म्हणणे. भरतीला इथे मासेमारी नौका बिनदिक्कत फिरतात, हे भारताचे उत्तर.

1965 मध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या आणि प्रकरण लवादाकडे गेले. स्वीडनचे गुन्नर लागरग्रेन अध्यक्ष, भारताच्या बाजूने युगोस्लाव्हियाचे आलेश बेब्लर, पाकिस्तानच्या बाजूने इराणचे नसरुल्ला इन्तेझाम. 19 फेब्रुवारी 1968 ला निकाल लागला. पाकिस्तानने मागितलेल्या प्रदेशापैकी साधारण दहावा हिस्सा त्याला मिळाला. निकाल भारताला कडू लागला, संसदेत गदारोळ झाला, तरी अंमलबजावणी झाली आणि ती हद्द आजही टिकून आहे. सर क्रीक मात्र लवादाच्या कक्षेबाहेर राहिली. तेव्हा ती महत्त्वाची कुणालाच वाटली नव्हती.

दलदलीला किंमत कशी आली

किंमत आणली समुद्री कायद्याने. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि समुद्रतळावर किनारी देशाचा हक्क, ही व्यवस्था रुजली तशी खाडीच्या मुखाजवळची शेवटची खूण मोलाची झाली. समुद्रातली रेषा त्या खुणेपासून सुरू होते. मुखाशी हद्द पूर्व काठाला धरली काय किंवा मध्याला धरली काय, जमिनीवर फरक काही किलोमीटरचाच. तीच रेषा खोल समुद्रात नेली की तो फरक पंख्यासारखा उघडत जातो आणि मोठे क्षेत्र या बाजूचे त्या बाजूला जाते. त्यात तेल-वायू सापडेल अशी आशाही दोघांना आहे.

तांत्रिक काम बरेचसे झालेले आहे, हे फारसे सांगितले जात नाही. 2005 च्या जानेवारीत खाडीच्या माथ्यापासून पूर्वेकडे जाणाऱ्या रेषेवरच्या खांबांची संयुक्त पाहणी झाली. 2007 च्या सुरुवातीला दोन्ही देशांच्या जलसर्वेक्षकांनी खाडीची आणि लगतच्या समुद्राची संयुक्त मोजणी केली, मे महिन्यात नकाशांची अदलाबदल झाली. म्हणजे पाणी कुठे आहे यावर फारसा वाद उरला नाही. उरला तो 1914 चा कागद कसा वाचायचा याचा. भारताचा एक व्यवहार्य प्रस्ताव होता: आधी समुद्राकडून आत येत मध्यरेषा आखू, खाडीचा तुकडा शेवटी बघू. पाकिस्तानने नाकारले, आधी खाडी, मग समुद्र, हा त्याचा हट्ट. पाकिस्तानला तिसऱ्याचा निवाडा चालतो, भारताला 1972 च्या सिमला करारानुसार फक्त दोघांतली बोलणी चालतात. सर क्रीकवरच्या बोलण्यांची शेवटची फेरी 2012 च्या जूनमध्ये दिल्लीत झाली. त्यानंतर काही नाही. 2025 च्या दसऱ्याला भुजमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी सर क्रीकजवळच्या पाकिस्तानी लष्करी बांधकामावरून जाहीर इशारा दिला, तेव्हा 'सोपा प्रश्न' कुठल्या दिशेने चालला आहे ते स्पष्ट झाले.

खलाशी तिथे जातोच का

ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ इथून निघणाऱ्या ट्रॉलरवर एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि साधारण सहा-सात खलाशी असतात. त्यांत पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण बरेच असतात. भातशेती पावसाळ्यापुरती, नंतर गावात काम नाही. पावसाळी बंदी उठली की मालकाकडून आगाऊ उचल घेऊन ते गुजरातला जातात. बोट कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो, आणि डिझेल-बर्फाचा खर्च निघायला हवा हा मालकाचा दबाव तांडेलावर असतो. सौराष्ट्राच्या जवळच्या पाण्यात बेसुमार ट्रॉलिंगमुळे मासळी रोडावली. सिंधूच्या मुखाकडच्या खारफुटीलगत कोळंबी, पापलेट आणि ज्याच्या बोताला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) मोठा भाव येतो तो घोळ अजून मिळतो. त्यामुळे बोटींची तोंडे वायव्येला वळतात. पकडला गेल्यावर तुरुंगात जातो तो बहुतेक वेळा हा निर्णय न घेतलेला माणूस.

पलीकडचे चित्र फार वेगळे नाही. ठट्टा, सुजावल आणि कराचीच्या इब्राहिम हैदरीचे मच्छीमार लहान बोटी घेऊन कच्छच्या खाड्यांत, हरामी नाल्यात शिरतात आणि सीमा सुरक्षा दलाच्या हाती लागतात.

समुद्रात रेषा आखलेलीच नाही. दोन्ही तटरक्षक दले आपापल्या समजुतीची रेषा धरून गस्त घालतात. त्या दोन समजुतींमधला पट्टा हाच सापळा आहे. कधी त्याचा शेवट गोळीबारातही होतो: नोव्हेंबर 2021 मध्ये ओख्याच्या बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा संस्थेने गोळ्या झाडल्या आणि पालघर जिल्ह्यातला एक खलाशी जागीच गेला.

पकडल्यापासून वाघापर्यंत

बोट ओढत कराचीला नेली जाते. खलाशी पोलिसांच्या ताब्यात, मग न्यायालय, मग मलीर-लांढीचा तुरुंग. आरोप दोन: बेकायदा प्रवेश आणि बेकायदा मासेमारी. प्रवेशासाठी लावला जातो तो 1946 चा परकीय नागरिक कायदा, इंग्रजांनी जाता जाता केलेला. भारतातही 2025 मध्ये नवा कायदा येईपर्यंत पाकिस्तानी मच्छीमाराला तोच लावला जाई. शिक्षा सहसा महिन्यांत मोजावी एवढीच असते. वर्षे जातात ती शिक्षेनंतर.

2008 च्या मे महिन्यात इस्लामाबादला झालेल्या राजनैतिक संपर्क कराराने वेळापत्रक घालून दिले आहे. अटक झाल्यास लगेच कळवायचे. 1 जानेवारी आणि 1 जुलैला याद्या द्यायच्या. तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट द्यायची. नागरिकत्वाची खात्री आणि शिक्षा दोन्ही पूर्ण झाल्यावर एका महिन्यात सोडायचे. यांतले याद्यांचे कलम पाळले जाते. बाकीची रखडतात, आणि त्याची कारणे फार साधी आहेत.

भेटीचे घ्या. भारताची कराचीतली वकिलात 1994 मध्ये बंद झाली. खलाशी कराचीला, भारतीय अधिकारी हजारांहून अधिक किलोमीटरवर इस्लामाबादला. 2019 पासून दोन्ही देशांत उच्चायुक्त नाहीत, 2025 मध्ये कर्मचारी आणखी कमी केले गेले. त्या अधिकाऱ्याला कराचीला जायलाही यजमान सरकारची परवानगी लागते. भेट लांबली की नागरिकत्व पडताळणीचा अर्ज लांबतो, कारण तो त्या भेटीतच भरला जातो.

पडताळणीचा प्रवास आणखी लांबचा. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, बोटीचा क्रमांक एवढी माहिती इस्लामाबादहून परराष्ट्र मंत्रालयात, तिथून गृह मंत्रालय, राज्य, पोलीस अधीक्षक, शेवटी ठाण्यात येते. मग शिपाई पाड्यावर जाऊन घरच्यांचा जबाब, रेशनकार्ड, आधार बघतो आणि कागद त्याच वाटेने मागे जातो. तिकडच्या पोलिसाने कानाला लागेल तसे उर्दूत लिहिलेले वारली आडनाव इंग्रजीत येईपर्यंत ओळखू येत नाही. पाड्याचे नाव गावाच्या जागी पडते. माणूस पालघरचा आणि बोट गुजरातची, म्हणून कागद कुठल्या राज्याकडे पाठवायचा यातच वेळ जातो. हा भाग संपूर्ण भारताच्या हातातला आहे, त्याला पाकिस्तानची संमती लागत नाही. म्हणून यातली दिरंगाई जास्त बोचते.

पडताळणी होऊनही सुटका 'सदिच्छेची' वाट बघते. दोन्ही पंतप्रधान भेटणार असले, परिषद असली, सण असला की गट सुटतो. 2015 मध्ये रशियातल्या उफा इथल्या संयुक्त निवेदनात 15 दिवसांत सगळे मच्छीमार आणि बोटी सोडण्याचे ठरले होते. 2023 च्या मेमध्ये 198 आणि जूनमध्ये 200 जण सुटले. कराचीहून लाहोर, तिथून वाघा, अटारीत सीमा सुरक्षा दलाकडे ताबा, तपासणी, चौकशी, अमृतसरहून रेल्वेने गुजरात. संबंध बिघडले की हीच वाट बंद. 2024 मध्ये कराचीच्या तुरुंगात डहाणूकडच्या एका खलाशाचा मृत्यू झाला, आणि त्याचा मृतदेह गावी यायला महिन्याहून अधिक काळ लागला. मृतदेहासाठी करारात वेगळी मुदतच नाही.

2007 मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची संयुक्त समिती नेमली होती. ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटे, आजारी, महिला आणि शिक्षा संपलेल्या कैद्यांची नावे काढून देई. काम चांगले होते. 2013 नंतर तिची बैठक झालेली नाही.

रेषा आखली तर अटका थांबतील?

बंगालच्या उपसागराकडे बघा. भारत-बांगलादेश सागरी हद्दीचा वाद लवादाने 7 जुलै 2014 ला मिटवला. वादातल्या 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशाला मिळाले. भारताने निकाल मानला. रेषा निर्विवाद झाली. मच्छीमारांच्या अटका मात्र सुरूच राहिल्या, कारण मासळीला रेषा कळत नाही आणि तिच्यामागे जाणाऱ्याला परवडत नाही.

फरक पुढच्या पायरीत दिसतो. 2024 च्या शेवटच्या महिन्यांत ताब्यात आलेले 95 भारतीय आणि 90 बांगलादेशी मच्छीमार 5 जानेवारी 2025 ला एकमेकांना सोपवले गेले. दोन्ही तटरक्षक दलांनी सागरी हद्दीवरच ताबा दिला-घेतला, आणि बोटींसह. ढाक्यातल्या सत्तांतरानंतर दोन्ही सरकारांचे संबंध तेव्हा बऱ्यापैकी ताणलेले होते. तरी काही महिन्यांत माणसे घरी आली.

भारत-पाकिस्तानच्या बाबतीत उलटा क्रम धरला गेला आहे: आधी सीमा, मग विश्वास, मग माणसे. या क्रमाने पहिली पायरीच ओलांडली जात नाही.

हाताशी असलेली साधने

संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराला भारताने 1995 मध्ये आणि पाकिस्तानने 1997 मध्ये मान्यता दिली. त्याचे कलम 73 सांगते: विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडल्याबद्दल पकडलेली बोट आणि खलाशी वाजवी जामिनावर तत्परतेने सोडा, आणि दोन्ही देशांत तसा वेगळा करार नसेल तर तुरुंगवासाची शिक्षा देऊ नका. हे बंधन आजही दोघांवर आहे.

दोन पळवाटा मात्र आहेत. हे कलम 12 ते 200 मैलांच्या पट्ट्याला लागते, 12 मैलांच्या आतल्या प्रादेशिक समुद्राला आणि खाड्यांना नाही. आणि गुन्हा मासेमारीऐवजी 'बेकायदा प्रवेशा'चा लावला की कलम टाळता येते. म्हणून दोन ओळींचा द्विपक्षीय करार लागेल: निःशस्त्र मासेमारी बोट कुठल्याही पट्ट्यात सापडली तरी ती मासेमारीचीच आगळीक मानायची, आणि दंड बोटीच्या मालकावर बसवायचा, खलाशावर नाही.

यावरचा खरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' या पोरबंदरच्या ट्रॉलरवरून आले. त्यांनी त्या बोटीवरच्या माणसांना ठार मारले. तेव्हापासून त्या पाण्यातली प्रत्येक बोट संशयित ठरते. पण संशय फेडण्याची साधने आता 2008 सारखी नाहीत. बोटींची ऑनलाइन नोंदणी आहे, मच्छीमारांना ओळखपत्रे आहेत. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते बोटींवर देशी बनावटीचे एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची 360 कोटींची योजना सुरू झाली. हे उपकरण हद्दीजवळ इशारा देते आणि उपग्रहामार्फत दोन्हीकडून संदेश जातो. तांडेलाने ते बंद ठेवले तर उपयोग शून्य, म्हणून डिझेलचे अनुदान ट्रान्सपाँडर चालू राहण्याशी जोडायला हवे. बोटीचा सगळा माग उपलब्ध असेल तर ती मासेमारीला आली होती की दुसऱ्या कामाला, हे दोन दिवसांत ठरवता येते.

2005 मध्ये दोन्ही तटरक्षक दलांमध्ये थेट संपर्काचा समझोता झाला, 2016 मध्ये तो पाच वर्षांसाठी वाढवला गेला. तो मुख्यतः पकडल्याची माहिती देण्यापुरता वापरला गेला. त्यात एक पायरी आधी घालता येईल: ठरावीक पट्ट्यात आलेल्या बोटीला पहिल्यांदा भोंगा आणि रेडिओवरून मागे फिरवायचे, तिचा क्रमांक समोरच्या दलाला कळवायचा, आणि परवाना रद्द करायची कारवाई तिच्याच देशाने करायची. तीच बोट पुन्हा आली तर पकडायची. कुणाचा सीमेवरचा दावा यात सोडावा लागत नाही. 'या व्यवस्थेने कोणत्याही पक्षाच्या भूमिकेला बाधा येणार नाही' हे वाक्य करारात घातले की पुरते.

बोटींचा प्रश्न अवघड आहे. 2014 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाकिस्तानकडून 57 बोटी परत आल्या, बाकीच्या कराचीच्या बंदरात उभ्या राहून कुजल्या किंवा लिलावात गेल्या. मालकाची लाखोंची बोट गेली की तो कर्जात बुडतो आणि पुढच्या हंगामात तांडेलावर आणखी दूर जाण्याचा दबाव येतो. बोट जामिनावर सोडायची असेल तर जामिनाची रक्कम भरण्याची आणि ती सीमेपलीकडे पोचवण्याची सोय हवी. दोन्ही देशांतला व्यापार आणि बँकव्यवहार बंद असताना ती खासगी मालकाला जमणार नाही. राज्य सरकारांनी निधी उभारून वकिलातीमार्फत ती भरणे हाच त्यातला मार्ग दिसतो.

शिक्षा संपलेल्यांसाठी यातल्या कशाचीही वाट बघायची गरज नाही. 2008 चा करार लागू आहे, त्यात एका महिन्याची मुदत लिहिलेली आहे. पाकिस्तानला ती पाळायची आहे, आणि भारताच्या ताब्यात शिक्षा भोगून बसलेल्या पाकिस्तानी मच्छीमारांबाबत भारतालाही. भारताला आणखी एक काम एकट्याने करता येईल. हंगाम सुरू होण्याआधी, बोट बंदर सोडण्याच्या आत, प्रत्येक खलाशाची पडताळणी पूर्ण करून ती इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयात तयार ठेवायची: नाव देवनागरी, इंग्रजी आणि उर्दू तिन्ही लिपींत, आधार, पाडा, तालुका, फोटो, बोटीचा क्रमांक. पालघर आणि गीर सोमनाथच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मत्स्य विभागाबरोबर हे जुलै महिन्यात, बंदीच्या काळात करायचे आहे. त्या वेळी सगळे खलाशी घरीच असतात.